आडनावातले गाव, पासपोर्टातला देश

मराठी आडनावांचा विचार भाषेच्या अभ्यासात बहुधा व्युत्पत्तीपुरता होतो. ‘-कर’ हा प्रत्यय ग्रामनामाला लागतो आणि त्या गावाशी असलेला संबंध दाखवतो, एवढे सांगून आपण पुढे जातो. हा संबंध नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हा प्रश्न मात्र व्याकरणाचा नसून इतिहासाचा आहे. मावळातले उर्से हे गाव घ्या. गावात राहणारा प्रत्येक जण उर्से गावचाच असतो. तेथे एखाद्याला ‘उर्सेकर’ म्हणून वेगळे ओळखण्याचे काही प्रयोजन नाही. उर्सेकर व्हायचे तर उर्से गावाबाहेर पडावे लागते. हे आडनाव लावणारी सगळी घराणी याच मावळातल्या उर्से गावातून गेली असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. मुद्दा एवढाच की ‘-कर’ हे आडनाव राहत्या गावाचे नसून सोडलेल्या गावाचे असते. मुक्काम एका ठिकाणी आणि ओळख दुसऱ्या ठिकाणची, ही स्थिती मराठी भाषेने अगदी सहजपणे, एका प्रत्ययात नोंदवून ठेवली आहे.

आधुनिक राज्यसंस्थेला ही स्थिती मान्य करणे फार जड जाते. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व त्याच क्षणी संपते. आज मावळातल्या, पुण्यातल्या अनेक घरांतली मुले अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक होतात. काही वर्षांनी तेथील नागरिकत्वासाठी अर्ज करतात आणि भारतीय पासपोर्ट परत करतात. या निर्णयाची चर्चा घरोघरी होते ती व्हिसा, नोकरी, मुलांचे शिक्षण अशा भविष्याच्या भाषेत. नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे पुढच्या आयुष्याविषयीचा निर्णय, असा आपला समज असतो. इतिहास पाहू गेल्यास निराळेच दिसते. अर्जदार भविष्याबद्दल बोलत असतो आणि खिडकीपलीकडचा कारकून मात्र त्याला भूतकाळाबद्दल विचारत असतो. या विसंगतीचा सर्वांत बोलका मराठी दाखला म्हणजे कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल समाजाचा. त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या जुन्या गावाची परिभाषा थोडी तपासून घ्यायला हवी.

‘नागरिक’ हा शब्द आजच्या अर्थाने मराठीत उशिरा रुळला. त्याआधी माणसाचे एखाद्या जागेशी असलेले नाते सांगणारे शब्द होते वतन, मिरास आणि उपरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे ते आपल्या वाचकांना परिचित आहेत. मिरासदार म्हणजे ज्याची गावच्या काळीत वंशपरंपरेची जमीन आणि पांढरीत घर आहे असा शेतकरी. त्यालाच थळकरी असेही म्हणत. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. उपऱ्याला जमीन मिळे, कधी कधी त्याच्याकडून घेतला जाणारा सारा मिरासदारापेक्षा हलकाही असे. पण गावच्या निर्णयात, मानपानात त्याला स्थान नसे. पुण्याजवळच्या लोणी गावाची जी बारकाईची पाहणी थॉमस कोट्स याने १८२०च्या सुमारास प्रसिद्ध केली, तिच्यातही थळकरी आणि उपरी हा भेद ठळकपणे येतो.

या व्यवस्थेतला एक नियम आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मिरासदार दुष्काळात किंवा दंग्याधोप्यात परागंदा झाला, तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. जमीन दुसऱ्याला कसायला दिली जाई. पण कित्येक वर्षांनी तो स्वतः किंवा त्याचे वारस परत आले आणि त्यांनी देणे फेडले, तर त्यांचा हक्क गाव मान्य करी. ज्या कुळाचा वंशच उरला नाही त्याच्या जमिनीला ‘गतकुळ’ म्हणत आणि बहुधा त्या शेताला जुन्या कुळाचेच नाव चिकटून राही. म्हणजे गैरहजेरीने माणूस परका होत नसे. अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. महाराला वतन होते, पण त्याचे घर गावकुसाबाहेर होते; गावचा असणे आणि गावात समान असणे या दोन गोष्टी कधीच एक नव्हत्या. तरीही गेलेला माणूस आपलाच धरण्याची ही रीत लक्षात ठेवायला हवी.

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ही घटना किती जुनी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र निश्चित आहे ते हे, की कित्येक शतके हा समाज कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या खेड्यांत तेल गाळण्याचा धंदा करीत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. गावाला त्यांचा धर्म समजला नसेल, पण त्यांची सुट्टी समजली होती. आणि गावगाड्यात सामावून घेण्यासाठी तेवढे पुरेसे होते. त्यांची आडनावे पाहावीत: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, थळचे थळकर, नवगावचे नवगावकर, अष्टमीचे अष्टमकर, दिवेआगरचे दिवेकर. ही मंडळी अठराव्या शतकापासून मुंबईला, लष्करात आणि पुढे रेल्वेत, टपाल खात्यात, सरकारी कचेऱ्यांत शिरली, तसतशी ही आडनावे त्यांच्याबरोबर फिरली. १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांच्या नावात हिब्रू संदेष्टे आणि कोकणी गाव शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

मराठीच्या अभ्यासकाला या समाजाचा विसर पडावा, ही खेदाची गोष्ट आहे. जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून सांगणारे पुस्तक १८३२ साली मुंबईत काढले, ते मुख्यतः याच समाजासाठी. वल्हांडण सणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या ‘हग्गादा’ या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बेने इस्राएल कीर्तनकार अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने हरिदासी पद्धतीने लावू लागले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ साली इंग्रजीत लिहून पुरा केला. पण तो छापला गेला लेखकाच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. कोकणातल्या समाजाचे चरित्र मुंबईत लिहिले जावे आणि तेल अवीवमध्ये प्रसिद्ध व्हावे, यात पुढच्या इतिहासाची दिशा दिसते.

भारतीय संविधानातील नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आली. उरलेले संविधान लागू होण्याची वाट त्यांना पाहावी लागली नाही. कारण उघड होते. फाळणीनंतर कोण कोठला, हा प्रश्न रोजच्या जगण्यामरण्याचा झाला होता. नवव्या कलमाने सांगितले, की ज्याने परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले आहे तो भारताचा नागरिक असणार नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने हेच तत्त्व पुढील काळासाठी कायम केले. १९५६च्या नियमांनी तर दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हाती असणे हाच स्वेच्छेचा निर्णायक पुरावा ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो नियम उचलून धरला. या कठोरपणामागे फाळणीच्या काळात सीमेच्या दोन्ही बाजूंना घर असलेल्यांविषयीचा संशय होता. तो संशय कोकणातल्या तेल्यांना उद्देशून नव्हता. पण कायदा एकदा झाला की ज्यांचा विचारही झालेला नसतो त्यांनाही तो लागू होतो.

नेमक्या याच वर्षांत दुसऱ्या बाजूला एक अगदी उलट स्वरूपाचा कायदा आकार घेत होता. इस्राएलचा ‘परतीचा कायदा’ ५ जुलै १९५० रोजी मंजूर झाला. जगातल्या कोणत्याही ज्यू व्यक्तीला इस्राएलमध्ये येऊन राहण्याचा हक्क आहे, असे त्याने जाहीर केले. १९५२च्या राष्ट्रीयत्व कायद्याने अशा येणाऱ्याला नागरिकत्व आपोआप दिले. त्याला वास्तव्याची अट नाही, भाषेची अट नाही आणि आधीच्या नागरिकत्वाचा त्याग करण्याचीही अट नाही. या अटी होत्या त्या ज्यू नसलेल्या आणि अर्ज करून नागरिक होऊ पाहणाऱ्या माणसासाठी. मिरासदार आणि उपरी यांतला भेद जणू नव्या शब्दांत येथे अवतरला होता. दोन हजार वर्षे गैरहजर असलेल्या मिरासदाराची मिरास या कायद्याने मान्य केली. त्याच भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि १९४८च्या युद्धात विस्थापित झालेल्या अरबांना मात्र परतीचा असा हक्क मिळाला नाही, हेही याच ठिकाणी नोंदवले पाहिजे. कोणाची गैरहजेरी क्षम्य धरायची, हे शेवटी राज्य ठरवते.

भारतात धर्मावरून आपला कधी छळ झाला नाही, ही गोष्ट बेने इस्राएल मंडळी आजही आवर्जून सांगतात. मग ती गेली का? धार्मिक ओढ होतीच. इंग्रज गेल्यानंतर सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांतले आपले स्थान टिकेल की नाही ही धास्ती होती. तरुणांत नव्या राष्ट्राच्या उभारणीचे आकर्षण होते. आणि एकदा काही कुटुंबे गेली की नात्यागोत्यातली दुसरी जातात, हा स्थलांतराचा सर्वत्र दिसणारा नियम होता. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज पुढील तीन दशकांत बहुतांशी इस्राएलला गेला.

पहिला धक्का लवकरच बसला. प्रारंभी गेलेल्यांपैकी अनेकांना रुक्ष वाळवंटी वसाहतींत, हलक्या कामांवर पाठवण्यात आले. युरोपीय ज्यू आपल्याला रंगावरून हिणवतात, ही तक्रार वाढत गेली. १९५१च्या अखेरीस या लोकांनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या कचेरीसमोर धरणे धरले. त्यांची मागणी साधी होती: आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ साली सुमारे दीडशे जणांना खरोखरच परत मुंबईला आणण्यात आले. आणि मग या कथेला आणखी एक वळण मिळाले. परत आलेल्यांपैकी अनेकांनी थोड्याच काळात पुन्हा इस्राएलला जाऊ द्यावे अशी विनंती केली. तत्कालीन टीकाकारांनी यात धरसोड पाहिली. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या माणसांच्या मनात ‘गाव सोडले म्हणजे गावावरचा हक्क सोडला’ असे समीकरणच नव्हते, त्यांना एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे आणि परत येणे यात काही विपरीत वाटले नसावे. धरणे हे साधनही त्यांनी नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातून बरोबर नेले होते. आणि घरदार मोडून गेलेल्या कुटुंबाला मुंबईत परत आल्यावर जागा, नोकरी, नातलग यांतले काय काय शिल्लक सापडले असेल, याचाही विचार करायला हवा. परत जाण्याचा हक्क असणे आणि परत जाण्याजोगे घर उरलेले असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. इस्राएलमध्ये विवाह धर्मपीठाच्या अधिकारात येतो. बेने इस्राएल मुलामुलींचे इतर ज्यूंशी विवाह लावायला काही धर्मगुरू नकार देऊ लागले. आक्षेप असा, की शतकानुशतके इतर ज्यू जगापासून तुटलेल्या या समाजात घटस्फोट आणि विधवांचे पुनर्विवाह शास्त्रोक्त रीतीने झाले असतील याची खात्री काय? ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने असे विवाह वैध असल्याचे सांगितले. पण फेब्रुवारी १९६२च्या निर्देशांत विवाह नोंदणाऱ्यांनी आई, आजी आणि त्यामागे शक्य तेवढ्या पिढ्यांची चौकशी करावी, असे बजावले. नागरिकत्व तर आपोआप मिळाले होते. सैन्यात भरती होता येत होते, मत देता येत होते. लग्न करायचे म्हटले की मात्र पणजीचा दाखला आणायचा होता. कोकणातल्या खेड्यात, एकोणिसाव्या शतकात, तेलाच्या घाण्याशेजारी झालेल्या लग्नाचा कागद कोणाकडे असणार? तेथे लग्नाचा पुरावा म्हणजे ते ज्यांनी पाहिले ते गावकरी.

१९६४च्या उन्हाळ्यात या समाजाने जेरुसलेममध्ये पुन्हा धरणे धरले. देशभरातून कुटुंबे आली. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेचे खास अधिवेशन भरले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांच्या बरोबरीचे आहेत, ही भूमिका घेतली आणि संसदेने ती मान्य केली. त्या महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने निर्देशांतून बेने इस्राएल हे नाव गाळले व ज्यांच्या कुळाविषयी शंका आहे अशा कोणालाही लागू होईल अशी मोघम शब्दयोजना केली. नाव गेले, चौकशीचे तत्त्व राहिले. तरीही हा विजय लहान नव्हता. कायद्याने दिलेल्या नागरिकत्वाला समाजाचे नागरिकत्व जोडून घेण्यासाठी, इस्राएलच्या स्थापनेनंतर सोळा वर्षांनी, या माणसांना रस्त्यावर बसावे लागले, हा त्यातला धडा आहे.

दरम्यान भारताच्या दृष्टीने ही मंडळी परदेशी झाली होती. इस्राएलच्या कायद्याला त्यांच्या भारतीय नागरिकत्वाची अडचण नव्हती; अडचण होती ती भारतीय कायद्याची. भारताने इस्राएलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली असली तरी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित व्हायला २९ जानेवारी १९९२ हा दिवस उजाडावा लागला. या मधल्या चार दशकांत किहीमकरांना किहीमला यायचे तर परकीय पाहुणा म्हणूनच यावे लागे.

परिस्थिती बदलू लागली ती २००० नंतर. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने परदेशस्थ भारतीयांसंबंधीचा आपला अहवाल २००२ साली सादर केला आणि काही देशांतल्या भारतीयांना दुहेरी नागरिकत्व द्यावे असे सुचवले. त्यानुसार २००३ साली नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली. प्रारंभी या दुरुस्तीच्या परिशिष्टात सोळा देश होते आणि त्यांत इस्राएल होता. २००५ साली पाकिस्तान व बांगलादेश वगळता इतर देशांपर्यंत ही सोय वाढवण्यात आली. तिचे नाव ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. बोलण्यात आपण ओसीआय कार्ड म्हणतो. नावात ‘सिटिझन’ आहे, पण हे नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला व्हिसाशिवाय हवे तेव्हा येता येते, राहता येते, बहुतेक व्यवसाय करता येतात. त्याला मतदान करता येत नाही, संविधानिक पदे भूषवता येत नाहीत, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ती वारशाने मात्र येऊ शकते.

हे शेवटचे कलम आम्हाला विचार करायला लावते. जुन्या गावात उपऱ्याला जमीन कसता येई, पण गावच्या निर्णयात त्याला आवाज नसे. ओसीआय कार्डधारक तंतोतंत त्याच जागी उभा आहे: या, राहा, गुंतवणूक करा, निर्णय मात्र आमचे. आणि वारशाने आलेल्या शेतापुरती त्याची मिरास शिल्लक राहते. दुहेरी नागरिकत्व म्हणून ज्याची घोषणा झाली ते वस्तुतः सन्मानाने वागवलेले उपरेपण आहे. हे चूकच आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्याला परिणाम भोगायचे नाहीत त्याने मतदान का करावे, या आक्षेपात तथ्य आहे. पण मग त्या कागदावर ‘नागरिक’ हा शब्द का, हाही प्रश्न तितकाच न्याय्य आहे.

या कार्डासाठी अर्ज करताना बेने इस्राएल कुटुंबांना जे विचारले जाते, तेथे आपल्या कथेचे दोन धागे एकत्र येतात. अर्जदार स्वतः, किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबा यांपैकी कोणी २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर भारताचे नागरिक होते, किंवा त्या दिवशी नागरिक होण्यास पात्र होते, याचा पुरावा द्यावा लागतो. १९६२ साली जेरुसलेमच्या धर्मपीठाने त्यांना विचारले होते, की तुमची आजी ज्यू होती हे कशावरून? आता भारताचे सरकार विचारते, की तुमचे आजोबा भारतीय होते हे कशावरून? दोन्ही वेळा शोध त्याच पत्र्याच्या ट्रंकेत घ्यायचा असतो आणि दोन्ही वेळा हाती लागतो तो मुंबईच्या शाळेचा दाखला, रेल्वेच्या नोकरीचा कागद, कोकणातल्या एखाद्या गावाचे नाव. पूर्वी जे नाव त्यांना तेथे वेगळे पाडत होते, तेच आता येथे त्यांची साक्ष देते.

त्यातही एक अडसर होता. इस्राएलमध्ये लष्करी सेवा सक्तीची आहे आणि परकीय सैन्यात काम केलेल्यांना हे कार्ड नाकारले जात होते. म्हणजे जवळजवळ सगळी तरुण पिढीच बाद. ५ जुलै २०१७ रोजी तेल अवीवमध्ये भारतीय समुदायासमोर बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, सक्तीची सेवा केलेल्यांनाही कार्ड मिळेल, असे जाहीर केले. परतीचा कायदा मंजूर झाला होता त्याच तारखेला, बरोबर सदुसष्ट वर्षांनी, दुसऱ्या परतीची वाट थोडी रुंद झाली.

असाच पूर्वजांच्या कागदांचा प्रश्न गोव्यातही आहे, पण वेगळ्या चालीने. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२च्या आदेशाने तेथे जन्मलेले लोक भारताचे नागरिक झाले. ज्यांना पोर्तुगीज राहायचे होते त्यांना एका महिन्यात तसे लिहून द्यायचे होते. पोर्तुगालने मात्र मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे आपल्या राष्ट्रीयत्वाचे दार बंद केले नाही. त्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना आजही लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करता येते. आजोबांचा जन्म नुसता तेथे नोंदवणे म्हणजे परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेणे होय की काय, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. बेने इस्राएल देश सोडून गेले आणि परके झाले. गोव्याच्या माणसाने घर न सोडता केवळ एका नोंदीने परके होण्याची शक्यता निर्माण झाली. दोन्हीकडे कळीचा शब्द ‘स्वेच्छेने’ हाच आहे. आणि माणसाची इच्छा ही कायद्याला वाटते तितकी एकदाच, एका तारखेला, एका सहीने ठरणारी गोष्ट क्वचितच असते.

हा सगळा इतिहास दूरचा वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजोबा-पणजोबांच्या नोंदीवर नातवाचे आयुष्य अवलंबून असणे म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. जात पडताळणीसाठी जुने शालेय दाखले शोधत हिंडणारे पालक कोणत्याही तहसील कचेरीत दिसतात. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून तर जुने मोडी कागद वाचून घेण्यासाठी गावोगावची माणसे धावपळ करीत आहेत. मोडी हा आतापर्यंत इतिहास संशोधकांचा विषय होता. तो आता घराघरांतला झाला आहे. या देशात असोत की परदेशात, आपण कोण हे सांगण्यासाठी माणसांना पूर्वजांचा कागद पुढे करावा लागतो, आणि ज्यांच्या पूर्वजांना कागदच मिळाला नव्हता ते प्रत्येक रांगेत मागे राहतात.

उर्से गावाचे नाव आज महाराष्ट्रभर माहीत आहे ते द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे. २००२ साली हा मार्ग पूर्ण झाला. त्यासाठी आणि आसपास वाढलेल्या कारखानदारीसाठी मावळातली बरीच काळी जमीन गेली. पूर्वी गाव सोडणाऱ्याच्या मागे निदान शेत उरे, सातबाऱ्यावर नाव उरे. यापुढे मावळातून सातासमुद्रांपलीकडे जाणाऱ्या पिढीमागे कदाचित तेही उरणार नाही. तिकडचे नागरिकत्व घेतल्यावर ओसीआय कार्डाने वारशाचे शेत राखता येते खरे. पण राखायला शेत तर हवे.

इस्राएलमधील भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या आज पंच्याऐंशी हजारांच्या आसपास सांगितली जाते. त्यांत बेने इस्राएल हा सर्वांत मोठा गट. भारतात २०११च्या जनगणनेत ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही आत भरली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा समाजाचा मोठा भाग समुद्रापलीकडे जाऊन अर्धशतक उलटले होते. इस्राएलमध्ये या मंडळींनी १९८०च्या दशकापासून एक मराठी नियतकालिक चालवले. त्याचे नाव ‘मायबोली’. हिब्रूत वाढलेली तिसरी पिढी ते वाचत असेलच असे नाही. काही कुटुंबांनी नव्या देशात आडनावे बदलून हिब्रू वळणाची केली, काहींनी ‘-कर’ जपले.

जपलेल्या आडनावांकडे भाषेच्या अभ्यासकांनी आता ऐतिहासिक साधन म्हणून पाहावे, अशी आमची सूचना आहे. बखरी, शकावल्या, महजर ही आपली परिचित साधने आहेत. त्यांच्या जोडीला इस्राएलच्या पासपोर्टावर छापलेले ‘पेणकर’ हे नावही वाचायला शिकले पाहिजे. ज्या देशाचा तो पासपोर्ट आहे त्याला पेण कोठे आहे हे ठाऊक नाही, आणि ज्या देशात पेण आहे त्याच्या मतदारयादीत तो माणूस नाही. पेणशी असलेले त्याचे नाते आज लिहिलेले आहे ते त्या आडनावात.